केकवरची फॉन्डंटची पाटी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केकवर नाव, वय, शुभेच्छा किंवा छोटं चित्र असलेली चपटी, कडक पाटी ठेवायची पद्धत आता घरोघरी केक करणाऱ्यांमध्येही रुळली आहे. कुणी तिला टॉपर म्हणतं, कुणी नेमप्लेट. इथे आपण पाटीच म्हणू, आणि ती फॉन्डंटची, म्हणजे कणकेसारख्या मळून लाटता येणाऱ्या साखरेच्या गोळ्याची. पाटी करणं अवघड नाही, पण ती वेळेवर वाळणं, सरळ राहणं आणि केकवर ठेवल्यावर शेवटपर्यंत टिकणं या तीन ठिकाणी बहुतेकांची गाडी अडते. या तिन्हीच्या मुळाशी ओलावा आहे, म्हणून खालच्या उत्तरांत त्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल.

साधा फॉन्डंट लाटून कापला तर पाटी होत नाही का?

होते, पण कडक होत नाही. केकवर पांघरायच्या फॉन्डंटमध्ये ग्लिसरीन आणि ग्लुकोज मुद्दाम घातलेलं असतं. ते पाणी धरून ठेवतं, म्हणून केकवरचं आवरण मऊ राहतं आणि सुरी सहज फिरते. पाटीसाठी मात्र हाच गुण आड येतो. वरून कोरडी दिसणारी पाटी उचलली की मधून लवते, आणि दमट दिवसांत चार दिवस ठेवूनही तशीच राहते.

म्हणून फॉन्डंटमध्ये सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) पावडर मळतात. बाजारात ती टायलोज नावानेही मिळते, डब्यावर आयएनएस ४६६ असं लिहिलेलं असतं. ही पावडर मोकळं पाणी बांधून घेते आणि वाळताना आत घट्ट जाळं तयार करते.

सीएमसी किती घालायची?

२५० ग्रॅम फॉन्डंटला मापाचा १ छोटा चमचा, सपाट केलेला. वजनाने हे साधारण ३ ग्रॅम होतं. १०० ग्रॅमला पाऊण चमचा घालणारे पुष्कळ आहेत, ते जास्त आहे. प्रमाण वाढलं की गोळा हातातच वाळायला लागतो, लाटताना कडा फाटतात आणि पृष्ठभागावर हत्तीच्या कातडीसारख्या बारीक सुरकुत्या येतात. पावसाळ्यात सव्वा चमच्यापर्यंत जायला हरकत नाही, त्यापुढे नको.

पावडर एकाच जागी ओतू नका, गुठळ्या होतात आणि लाटल्यावर त्या पांढुरक्या ठिपक्यांसारख्या दिसतात. गोळा पसरट करा, चिमटीने पावडर भुरभुरवा, घडी घालून मळा, पुन्हा भुरभुरवा. हाताला चिकटायला लागलं तर वाटाण्याएवढं पांढरं व्हेजिटेबल शॉर्टनिंग (डालड्यासारखी घट्ट वनस्पती चरबी) लावा. मळून झालं की प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून निदान अर्धा तास ठेवा. सीएमसीला पाणी शोषायला हा वेळ लागतोच. घाईत लगेच लाटलेला गोळा रबरासारखा मागे खेचला जातो आणि कापलेलं वर्तुळ लंबगोल होतं.

गम पेस्टच वापरली तर?

चालेल. गम पेस्ट म्हणजे साखरेची फुलं-पाकळ्या करायचा गोळा. ती आणखी पातळ लाटता येते आणि लवकर कडक होते, पण चवीला फिकी असते आणि भारतात महाग पडते. एकदोन पाट्यांसाठी फॉन्डंट आणि सीएमसी पुरेसं आहे. परदेशात राहणाऱ्यांनी नावांचा गोंधळ लक्षात ठेवावा : गम पेस्ट, फ्लॉवर पेस्ट आणि पेटल पेस्ट ही जवळपास एकाच वस्तूची नावं आहेत. ब्रिटनमध्ये आपल्या फॉन्डंटला शुगरपेस्ट म्हणतात आणि नुसतं फॉन्डंट मागितलं तर ओतायचं आयसिंग हातात पडू शकतं.

एका पाटीला किती फॉन्डंट लागतो?

१० सेंटिमीटर व्यासाच्या, ३ मिलिमीटर जाडीच्या गोल पाटीत ३० ते ३५ ग्रॅम जातो. १५ बाय ५ सेंटिमीटरच्या आयताकृती पाटीलाही तेवढाच. पण लाटताना चारही बाजूंना जागा लागते, म्हणून ६० ग्रॅमचा गोळा घ्या. उरलेला तुकडा लगेच प्लास्टिकमध्ये ठेवा, त्यातून अक्षरं निघतात. आणि प्रत्येक ऑर्डरला दोन पाट्या करा. दुसरीचा खर्च नगण्य आहे, पहिली ऐनवेळी तुटली तर तिची किंमत कळते.

नेमकी कशी लाटायची? जाडी सगळीकडे सारखी येत नाही.

लाकडी पोळपाट वापरू नका, त्याच्या रेषा फॉन्डंटवर उमटतात. गुळगुळीत ओटा किंवा सिलिकॉन मॅट घ्या आणि त्यावर शॉर्टनिंगचा अगदी पुसट हात फिरवा. हलक्या रंगाला कॉर्नफ्लोअर भुरभुरवलं तरी चालतं, पण काळ्या, लाल, निळ्या फॉन्डंटवर त्याचे डाग पडतात.

गोळ्याच्या दोन्ही बाजूंना ३ मिलिमीटर जाडीच्या दोन अॅक्रिलिक पट्ट्या ठेवा आणि लाटणं त्या पट्ट्यांवरून फिरवा. लाटणं पट्ट्यांना टेकलं की जाडी आपोआप एकसारखी होते. पट्ट्या नसतील तर आइस्क्रीमच्या काड्या ठेवा. त्या साधारण २ मिलिमीटरच्या असतात, लहान पाटीला तेवढी जाडी पुरते. ५ सेंटिमीटरपर्यंतच्या पाटीला २ मिलिमीटर, मध्यम पाटीला ३, उभ्या राहणाऱ्या पाटीला ४ असा हिशेब ठेवा. ५-६ मिलिमीटरची जाड पाटी भक्कम वाटते, पण तिचा गाभा आठवडाभर ओला राहतो.

लाटून झालं की कापायच्या आधी ५ मिनिटं तशीच राहू द्या. ताण निघून जातो आणि आकार आखडत नाही. कटर सरळ खाली दाबा, पिळू नका. कापल्यावर पाटी उचलू नका, आजूबाजूचा फॉन्डंट काढून घ्या. पाटी हलवायचीच असेल तर खालून पातळ उलथनं किंवा कडक कागद सरकवा. बोटांनी उचललेली गोल पाटी तिथेच बिघडते. कडेला सुटलेले तंतू बोटाच्या टोकाने कडेवरून हलके फिरवून बसवा, वाळल्यावर ते बसत नाहीत.

पाटी किती दिवस आधी करावी?

कोरड्या हवेत २ दिवस, पावसाळ्यात ४ ते ५ दिवस. अक्षरं आणि सजावट वाळलेल्या पाटीवर करणार असाल तर आणखी १ दिवस धरा. आदल्या रात्री ऑर्डर आली तर फॉन्डंटची पाटी करूच नका, त्याऐवजी चॉकलेटची करा. पांढरं कंपाउंड चॉकलेट वितळवून बटर पेपरवर पसरलं की फ्रिजमध्ये १० मिनिटांत पाटी तयार होते.

वाळताना कडा वर उचलल्या जातात. काय चुकतं?

वरची बाजू वाळून आकसते, खालची ओलीच राहते. मग आकसलेली बाजू कडांना आपल्याकडे ओढते आणि पाटी वाटीसारखी होते. स्टीलच्या ताटात, काचेवर किंवा प्लास्टिकच्या झाकणावर ठेवलेल्या पाट्या हमखास अशा वाकतात, कारण खालून हवा लागत नाही. वरून पंखा सुरू असेल तर आणखी लवकर.

पाटी जाळीवर किचन पेपर अंथरून किंवा सपाट फोमच्या तुकड्यावर वाळवा. पहिले ४ तास तिला हात लावू नका. मग कड किंचित उचलून बघा. लवत नसेल तर उलटा आणि पुढे दर ६ ते ८ तासांनी पालटत राहा. थोडी वाकलेली पाटी अजून आतून ओली असेल तर उलटी करून वर बटर पेपर आणि हलकं पुस्तक ठेवलं की काही तासांत सरळ होते. पूर्ण वाळलेली वाकडी पाटी सरळ करता येत नाही, तुटते.

पूर्ण वाळली हे कसं ओळखायचं?

पाटीच्या मागच्या बाजूला मधोमध स्वच्छ हाताची मागची बाजू टेकवा. गार लागली तर आत पाणी आहे, ते उडताना गारवा देतं. दोरीवरचे कपडे वाळले का हे आपण याच खुणेवरून ओळखतो. वाळलेली पाटी खोलीइतकीच उबदार लागते आणि नखाने टिचकी मारली की टक् असा कोरडा आवाज येतो. ओल्या पाटीचा आवाज बद्द येतो.

पावसाळ्यात पाटी वाळतच नाही. मुंबईत, कोकणात काय करावं?

जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावरच्या हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच असते. अशा हवेत साखर पाणी सोडण्याऐवजी घेते. पाटी उघड्यावर ठेवून वाट पाहण्यात अर्थ नाही, तिच्याभोवतीची हवा कोरडी करावी लागते.

एसी असेल तर ड्राय मोडवर बंद खोलीत रात्रभर ठेवा. एसी नसेल तर सिलिका जेलचा डबा करा. मोठा हवाबंद डबा घ्या, तळाशी उघड्या वाटीत सिलिका जेलचे ओलावा शोषणारे मणी २०० ते २५० ग्रॅम ठेवा, वर जाळी आणि जाळीवर पाटी. पाटी आणि मणी एकमेकांना लागता कामा नयेत. आधी एक दिवस खोलीत ठेवून वरचा थर धरू द्या, मग डब्यात घाला. १ ते २ दिवसांत फरक दिसतो. मणी पांढरे किंवा नारिंगी घ्या. निळ्या मण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते खाद्यपदार्थाच्या जवळ नको. मणी ओलावा पिऊन भरले की पाकिटावर दिलेल्या तापमानाला ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतात. सिलिकाऐवजी तांदूळ ठेवणारे आहेत, पण तांदूळ फार कमी ओलावा ओढतो, भर पावसात तो पुरत नाही.

आमच्याकडे उलट आहे. नागपुरात मे महिन्यात पाटीला तडे जातात.

कोरड्या, तापलेल्या हवेत वरचा थर काही मिनिटांत ताणला जातो. कूलरच्या झोतात ठेवलं तर तडे आणि दमटपणा दोन्ही पदरात पडतात, कारण कूलर ओली हवा फेकतो. सीएमसी २५० ग्रॅमला पाऊण चमच्यावर आणा, मळताना शॉर्टनिंग थोडं जास्त लावा आणि पहिले २-३ तास पाटीवर बटर पेपर सैल पांघरून ठेवा म्हणजे सावकाश वाळेल. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या घरांनाही हेच लागू पडतं.

ओव्हनमध्ये, उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवली तर?

ऊन नको. रंग उडतो आणि मुंग्या लागतात. हेअर ड्रायरने फक्त कातडी वाळते, आतला ओलावा अडकतो आणि दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा मऊ पडते. ओव्हन पेटवून नको, ५० अंशांच्या पुढे फॉन्डंट सैल होतो, फुगे येतात आणि कडा गोलावतात. ओव्हन बंद ठेवून फक्त आतला दिवा लावला तर त्या मंद उबेत पाटी छान वाळते, दार बोटभर उघडं ठेवा. भाज्या-फळं वाळवायचा डीहायड्रेटर असेल तर ३५ ते ४० अंशांवर २-३ तास पुरतात.

व्हिप्ड क्रीमच्या केकवर ठेवलेली पाटी दोन तासांत मऊ होते, रंग क्रीममध्ये उतरतो. उपाय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, कारण आपल्याकडचे बहुतेक केक व्हिप्ड क्रीमचे असतात. क्रीममध्ये पाणी भरपूर असतं. पाटीची जी बाजू त्याला टेकते तिथली साखर विरघळायला लागते, तिच्याबरोबर रंग सुटतो, आणि मऊ झालेली पाटी स्वतःच्या वजनाने क्रीममध्ये रुतते. कितीही सीएमसी घातली तरी हे थांबत नाही. पाटी आणि क्रीम यांच्यात पडदा हवा.

पडदा असा करा. पांढरं कंपाउंड चॉकलेट वितळवा, कोमट होऊ द्या, आणि पूर्ण वाळलेल्या पाटीच्या मागच्या बाजूला ब्रशने दोन पातळ हात द्या. कडाही रंगवा, ओलावा कडेतूनच आधी शिरतो. पहिला हात घट्ट झाल्यावर दुसरा. चरबीच्या या थरातून पाणी सहजी जात नाही. हे केलेली पाटी क्रीमवर ४-५ तास नीट राहते, न केलेली २ तासही राहत नाही. पाटी आतून ओली असताना चॉकलेट लावू नका, ओलावा आतच कोंडतो आणि थर सुटून येतो.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे पाटी क्रीमला टेकवायचीच नाही. पाटीएवढी पातळ अॅक्रिलिकची किंवा केकच्या बोर्डाची चकती खाली ठेवा. किंवा पाटी वेगळ्या डब्यात द्या आणि केक कापायच्या अर्धा तास आधी ठेवा असं गिऱ्हाइकाला लिहून द्या.

बटरक्रीम आणि गनाशवर (चॉकलेट-क्रीमच्या घट्ट मिश्रणावर) हा त्रास कमी. ताज्या फळांच्या केकवर आणि आइस्क्रीम केकवर फॉन्डंटची पाटी ठेवूच नये, तिथे चॉकलेटचीच बरी.

फ्रिजमधून केक काढला की पाटीला घाम सुटतो.

थंड पाटीवर खोलीतली वाफ पाणी होऊन बसते. त्याला हात लावू नका, टिपू नका. बोट लागलं की ठसा कायमचा राहतो आणि टिश्यूचे तंतू चिकटतात. पंख्याखाली अर्धा-पाऊण तास ठेवला की बहुतेक घाम आपोआप उडतो. केक खोक्यासकट बाहेर काढून तसाच बंद ठेवला तर पाणी केकऐवजी खोक्यावर बसतं. नुसती पाटी मात्र फ्रिजमध्ये कधीच ठेवू नये.

मराठी अक्षरं नीट बसत नाहीत. इंग्रजी कटरने तर येतच नाहीत.

देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकतं, इंग्रजी अक्षर तळरेषेवर उभं राहतं. म्हणून मांडणीची सुरुवातच वेगळी हवी. प्रत्येक अक्षर रेषेसकट कापून शेजारी शेजारी ठेवलं की रेषा वरखाली होते आणि ते लगेच नजरेत येतं. त्याऐवजी आधी शिरोरेषेची एक अखंड पट्टी, २ मिलिमीटर रुंद, पट्टीने मोजून चिकटवा. मग रेषेविना कापलेली अक्षरं तिच्या खाली एकेक लावा. इतकी एक गोष्ट केली तरी पाटी दुकानातली वाटते.

दुसरी गोष्ट जागेची. अक्षराचं अंग १२ मिलिमीटर उंच असेल तर वर वेलांटी, मात्रा, रफार यांना ६ आणि खाली उकाराला ६ मिलिमीटर लागतात. म्हणजे एक ओळ २४ मिलिमीटर खाते. १० सेंटिमीटरच्या पाटीत कड सोडून ८ सेंटिमीटर रुंदी मिळते, त्यात या मापाची ६-७ साधी अक्षरं बसतात, जोडाक्षरं असतील तर कमी. वर्तुळात वरच्या आणि खालच्या ओळीला आणखी कमी जागा असते. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' पूर्ण लिहायचं असेल तर ते बारीक दोन ओळींत घ्या आणि नाव मध्ये मोठं, किंवा मग आयताकृती पाटी करा. 'सहस्रचंद्रदर्शन' गोल पाटीवर एका ओळीत बसवायचा हट्ट नको.

वेलांटीची कमान कापून काढायला गेलं की तुटते. त्यापेक्षा फॉन्डंटची शेवयांइतकी बारीक वळी करा, टोकं निमुळती करा आणि ओल्या ब्रशने उचलून वळण द्या. 'कीर्ती'सारख्या नावात दुसऱ्या वेलांटीवर रफार येतो, तो अगदी शेवटी लावा, आधी लावला तर वेलांटीला जागा उरत नाही. अक्षरांच्या पोटातली छिद्रं बारीक असलेला टंक (फॉन्ट) निवडू नका. 'मोदक' हा गुबगुबीत टंक कागदावर सुंदर दिसतो, पण त्यातल्या केसासारख्या फटी फॉन्डंटमध्ये बुजतात. 'बालू' जाड आणि गोलसर आहे, तो कापायला सोपा जातो. दोन्ही मोफत मिळतात.

अक्षरांचा आराखडा पाटीवर कसा उतरवायचा?

मजकूर हव्या त्या मापात कागदावर छापा. पाटी थोडी धरलेली पण अजून मऊ असताना वर बटर पेपर, त्यावर तो कागद ठेवा आणि स्वच्छ टाचणीने अक्षराच्या कडेकडेने टोचत जा. कागद उचलला की ठिपक्यांची रेघ दिसते, तिच्यावरून खाद्य मार्करने लिहा किंवा अक्षरं चिकटवा. पाटीवर पेन्सिल चालवू नका. मार्करने लिहायची पाटी मात्र पूर्ण वाळलेली हवी. ओल्यावर शाई पसरते आणि मार्करचं टोक साखरेने बुजतं.

अॅक्रिलिकचा ठसा बनवून घेतला असेल तर फॉन्डंट ४ मिलिमीटर लाटा, ठशाला तेलाचा पुसट हात लावा, सगळीकडून सारखा दाबा आणि आकार त्यानंतर कापा. आधी कापून मग दाबलं तर वर्तुळ पसरतं.

खाद्य प्रिंटवर (खाण्यायोग्य कागदावर खाण्याच्या शाईने छापलेल्या मजकुरात) जोडाक्षरं फुटतात.

दुकानातल्या संगणकावर तुमचा टंक नसला की 'शुभेच्छा'चं 'शुभेच्‌छा' होतं आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. मजकूर टाइप करून पाठवू नका, चित्र करून पाठवा. प्रिंट चिकटवताना पाटीवर पाणी लावताय असं वाटू नये इतकाच ब्रश ओला हवा. मधून कडेकडे दाबत जा म्हणजे बुडबुडे राहत नाहीत.

शुद्धलेखनाच्या कोणत्या चुका जास्त होतात?

'हार्दिक', 'वाढदिवस', 'अभिनंदन' यांत वेलांटी पहिली. 'शुभेच्छा'त उकार पहिला. 'आशीर्वाद'मध्ये शी दीर्घ आणि रफार 'वा'वर, 'आर्शिवाद' नव्हे. 'सहस्र'मध्ये त नाही, 'सहस्त्र' चुकीचं. नावांना मात्र हे नियम लावू नका. 'ऋतुजा' की 'रुतुजा' हे घरच्यांनी देवनागरीत टाइप करून पाठवायचं आणि आपण ते जसंच्या तसं उतरवायचं. अक्षरं चिकटवायच्या आधी मांडलेल्या मजकुराचा फोटो काढून पाठवा आणि होकार घ्या. बारशाच्या पाटीवर बाळाचं नाव चुकलं तर त्या घरातला तो क्षण परत येत नाही.

रंग कोणते वापरावेत? गडद रंग येत नाही.

जेल रंग घ्या. पाण्यासारखे रंग फॉन्डंट चिकट करतात. टूथपिकने लावा, प्रत्येक वेळी नवी टूथपिक. लाल, गडद निळा रंग मळताना फिका दिसतो, पण रात्रभरात एक-दोन छटा गडद होतो, म्हणून थोडं आधी थांबा. काळा आणि गर्द लाल विकतचा रंगीत फॉन्डंट घ्या. पांढऱ्यात रंग ओतत गेलं तर गोळा सैल होतो आणि चव कडवट येते.

गुलाबी, जांभळा उजेडात उडतात. एरिथ्रोसीन या गुलाबी रंगाला उजेड सोसत नाही, तो उडाला की जांभळ्यातला निळा तेवढा उरतो. अशी पाटी अंधाऱ्या जागी वाळवा.

सोनेरी कसं करायचं?

सोनेरी भुकटी पाण्यात कालवू नका, पाण्याने पाटी विरघळते आणि रंग चट्ट्याचट्ट्यांचा येतो. व्होडकासारख्या रंगहीन मद्याच्या थेंबांत कालवतात कारण ते क्षणात उडून जातं. ज्या घरात मद्य चालत नाही तिथे अक्षरावर शॉर्टनिंगचा अतिशय पातळ हात देऊन कोरडी भुकटी मऊ ब्रशने लावा, चमक तितकीच येते. डबी घेताना घटकांची यादी, परवाना क्रमांक आणि खाण्यायोग्य असा उल्लेख बघा. नुसतं 'नॉन-टॉक्सिक' म्हणजे खाण्यायोग्य नव्हे, ती हस्तकलेची चमकी असू शकते. युरोपीय संघात २०२२ पासून टायटॅनियम डायऑक्साइड खाद्यपदार्थांत चालत नाही. तिकडे केक विकणाऱ्यांनी भारतातून नेलेल्या पांढऱ्या आणि चमकत्या रंगांची यादी तपासावी.

चिकटवायला काय?

२ मोठे चमचे उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव छोटा चमचा सीएमसी घाला, झाकून रात्रभर ठेवा. सकाळी काचेसारखा पारदर्शक डिंक तयार मिळतो. गुठळ्या दिसल्या तरी ढवळत बसू नका, त्या आपोआप विरतात. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. लावताना बारीक ब्रशने, अक्षराच्या मागे, मधोमध. कडेपर्यंत लावला की बाहेर ओघळतो आणि वाळल्यावर चकाकतो.

पाटी केकवर उभी करायची आहे.

४ मिलिमीटर लाटा. वाळल्यावर मागच्या बाजूला काडी डिंकाने लावा, तिच्यावर फॉन्डंटची रुंद पट्टी चिकटवा आणि आणखी एक दिवस वाळू द्या. काडी पाटीच्या निम्म्यापेक्षा वर जायला हवी आणि केकमध्येही तेवढीच खोल रुतायला हवी. लॉलीपॉपची जाड काडी उत्तम. टूथपिक नको, विशेषतः लहान मुलांच्या केकला, कारण ती कापलेल्या तुकड्यात दिसत नाही. कच्ची स्पॅगेटी खाण्याजोगी असली तरी क्रीममध्ये काही तासांत मऊ होते आणि पाटी पुढे झुकते.

केकच्या बाजूला लावायची पाटी?

तयार केकच्या व्यासाच्या टिनवर बटर पेपर गुंडाळून त्यावर वाळवा. क्रीमचा थर धरून व्यास मोजा, नुसत्या स्पंजचा नव्हे.

पाटी शाकाहारी असते का? अंडं असतं का?

फॉन्डंटच्या डब्यावर हिरवा ठिपका बघा. काही फॉन्डंटमध्ये जिलेटिन असतं, मार्शमॅलोपासून घरी केलेल्या फॉन्डंटमध्येही बहुधा असतंच. सीएमसी वनस्पतीजन्य आहे. जुन्या पद्धतीच्या गम पेस्टमध्ये आणि अक्षरं लिहायच्या, वाळून कडक होणाऱ्या रॉयल आयसिंगमध्ये अंड्याचा पांढरा बलक असतो, म्हणून अंडं न खाणाऱ्यांच्या ऑर्डरला अक्षरंही फॉन्डंटचीच लावा.

पाटी किती दिवस टिकते? तुटली तर?

पूर्ण वाळलेली पाटी पुठ्ठ्याच्या खोक्यात, किचन पेपरमध्ये, अंधाऱ्या कोरड्या जागी दोन-तीन महिने सहज टिकते. पावसाळ्यात मात्र हवाबंद डबा आणि सिलिकाची पुडी. नेताना केकवर ठेवून नेऊ नका, फोमच्या दोन थरांत वेगळी न्या.

तुटली तर त्याच रंगाचा फॉन्डंट पाण्याच्या दोन थेंबांत कालवून लुगदी करा, फटीत भरा, मागून फॉन्डंटची पट्टी लावा आणि ३-४ तास हलवू नका. समोरची फट दिसत असेल तर तिच्यावरून वेल किंवा फुलं बसवा.

देवाचं किंवा थोर व्यक्तीचं चित्र मागतात. सुरी कशी चालवायची?

पुष्कळ घरांत गणपतीवर किंवा शिवाजी महाराजांच्या चित्रावर सुरी चालवणं पटत नाही, आणि ते रास्त आहे. अशा वेळी चित्र वेगळ्या पाटीवर घ्या, खाली चकती द्या आणि केक कापण्याआधी ती अलगद उचलून बाजूला ठेवता येईल अशी बसवा. हे ऑर्डर घेतानाच विचारून घ्यावं.

पाटीचे पैसे किती लावावेत?

फॉन्डंटच्या वजनावर लावू नका. साहित्य अर्ध्या वाटीचंही नसतं, पण मळणं, लाटणं, चार दिवस पालटणं आणि जोडाक्षरं लावणं यात हाताचे दीड-दोन तास जातात. ते तास मोजा, आणि अक्षरांची संख्या वाढली तर दरही वाढेल हे आधीच सांगा.